कुत्र्याचा वाहता कान

गेल्या आषाढातली गोष्ट. रात्रीचे नऊ वाजून गेले होते, बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात परिचयाचे एक शिक्षक आपल्या सात वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आले. घरच्याच कुत्र्याने तिच्या मनगटाचा चावा घेतला होता. दोन दातांच्या खोल जखमा होत्या, आणि त्यांवर आजींनी मायेने मूठभर हळद दाबून बसवली होती. ती हळद धुऊन काढण्यातच आमची पहिली पाच मिनिटे गेली. त्यानंतर साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुतली. पोर रडत होती, पण हे धुणे टाळता येत नाही. हळद, तिखट, चुना, कॉफी यांपैकी काहीही चाव्याच्या जखमेवर लावू नये, हे मी या स्तंभात पूर्वीही लिहिले आहे.

"कुत्र्याला लस टोचलेली आहे हो डॉक्टर," वडील म्हणत होते. असेल. तरीही रक्त येईपर्यंत दात रुतले असतील तर जखमेत रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिन भरावे लागते आणि लसही त्याच दिवशी सुरू करावी लागते. दंडात घ्यायची असेल तर चावल्याच्या दिवशी पहिली, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, असे पाच डोस. त्यांना चिठ्ठी देऊन त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात पाठवले.

निघताना सहज विचारले, "पूर्वी कधी चावला होता का?"

"छे हो. चार वर्षं झाली, पोरं त्याच्या अंगावर लोळतात. आज हिने खेळताना त्याचा कान धरला, एवढंच निमित्त."

"कान वाहतो का त्याचा?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "वाहतो की. वर्षभर थोडंफार चालूच असतं, पावसाळ्यात जास्त. आमच्या वडिलांच्या कानाचे थेंब घरात असतात, तेच घालतो. आठ दिवस बरं वाटतं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या."

दुसऱ्या दिवशी त्या कुत्र्याला गाडीत घालून घाटापलीकडे सोडून यायचे, असे घरात ठरले होते. मी म्हणालो, तसे मुळीच करू नका. चावलेला कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर असणे मुलीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. रेबीज झालेला कुत्रा सहसा तेवढ्या मुदतीत मरतो. दहा दिवस धडधाकट राहिला तर मोठी काळजी मिटते. आणि त्या दहा दिवसांत त्याला एकदा जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणा.

आता वाचक म्हणतील, माणसांच्या आरोग्याच्या स्तंभात कुत्र्याचा कान कशाला? शंका रास्त आहे. मी माणसांचा डॉक्टर, पशुवैद्यक नव्हे. म्हणून या लेखात औषधांची मात्रा कुठेही सांगणार नाही. परंतु या विषयात मी स्वतः शहाण्यासारखा वागलो नाही आणि त्याची किंमत आमच्या घरच्या कुत्र्याने मोजली. शिवाय माझ्याकडे येणारे कित्येक रुग्ण आपली तपासणी झाली की हळूच विचारतात, "डॉक्टर, कुत्र्याच्या कानात हेच थेंब घातले तर चालतील का?" त्या सर्वांना एकदाच उत्तर द्यावे, हा हेतू.

आमचा बंड्या लॅब्रॅडॉर, २०१७ सालचा. पाण्याचा भारी शौकीन. रविवारी संगम माहुलीला नेला की कृष्णेत उडी मारल्याशिवाय राहायचा नाही. २०१८च्या पावसाळ्यात त्याचा डावा कान लाल झाला, आत तपकिरी, तेलकट मळ दिसू लागला आणि शिळ्या पिठासारखा आंबूस वास यायला लागला. मनाशी म्हटले, पाणी गेले, जंतुसंसर्ग झाला, झाले निदान. माझ्याच कपाटातले जेंटामायसिन आणि स्टिरॉइड एकत्र असलेले थेंब घातले. चार दिवसांत लाली गेली. घरात माझे कौतुक झाले. दोन महिन्यांनी पुन्हा तेच, या वेळी दोन्ही कान. पुन्हा थेंब. असे दोन वर्षे चालले. मध्यंतरी तो पुढचे पंजे सारखे चाटत असे. पांढुरक्या केसांवर लाळेने तांबूस डाग पडले होते, तेही मला दिसत होते. पंजा आणि कान यांचा काही संबंध असेल हे मात्र एमबीबीएस झालेल्या डोक्यात आले नाही.

२०२०च्या दिवाळीच्या सुमारास बंड्या मान डावीकडे वाकडी करून चालायला लागला, तोल जाऊ लागला. तेव्हा कुठे त्याला पशुवैद्यकांकडे नेले. त्यांनी मला कोणते थेंब घातले हे विचारण्याआधी कापसाच्या काडीवर कानातला मळ घेतला, काचपट्टीवर पसरला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शक माझ्यापुढे सरकवला. भुईमुगाच्या शेंगेसारख्या आकाराच्या पेशींची नुसती गर्दी होती. ही मॅलॅसेझिया नावाची बुरशी. तिच्या जोडीला काडीसारखे लांबट जिवाणूही होते. पुढे जिवाणूंची वाढ करून तपासले तेव्हा ते सुडोमोनास निघाले आणि नेहमीच्या बहुतेक औषधांना दाद देईनात. डावा पडदा फाटलेला होता.

"तुमच्या थेंबांतलं जेंटामायसिन बुरशीला काही करत नाही," ते शांतपणे म्हणाले. "स्टिरॉइडमुळे सूज उतरायची, म्हणून बरं वाटायचं. बुरशी तिथेच राहायची. आणि जे जिवाणू मरायचे ते साधे, उरायचे ते चिवट."

आपल्या विषयातली गोष्ट दुसऱ्याने समजावून सांगावी, याच्याइतके ओशाळवाणे काही नाही. त्याच वेळी दुसरीही एक शंका मनात आली. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिनसारखे औषध आतल्या कानापर्यंत पोचले तर ऐकण्याच्या पेशींना इजा करू शकते, हे माणसांच्या बाबतीत मी चांगले जाणतो. बंड्या पुढे तीन महिन्यांत बरा झाला, मान सरळ झाली, पण डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही. हाक मारली तर तो आधी भलत्याच दिशेला बघतो. यात आजाराचा वाटा किती आणि माझ्या थेंबांचा किती, हे सांगता येणार नाही.

आता जरा मुळाशी जाऊ. माणसाच्या कानाची बाहेरची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि बरीचशी सरळ. कुत्र्याची नळी त्याहून पुष्कळ लांब. ती आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते, मोरीच्या पाइपाला कोपर असतो तशी. त्यामुळे आत गेलेले पाणी, मळ, औषध सगळेच त्या वळणाशी साचते. त्यावर लोंबत्या कानाचे झाकण असले, नळीत केस असले, हवा आपल्या पावसाळ्यासारखी दमट असली, की आत उबदार, ओलसर खोली तयार होते. कॉकर स्पॅनिएल, लॅब्रॅडॉर यांना हा त्रास अधिक होण्याचे हे एक कारण.

पण केवळ लोंबत्या कानाने कान सडत नाही. तसे असते तर प्रत्येक लॅब्रॅडॉरचा कान वाहिला असता. खरी मेख पुढे आहे. कानाची नळी म्हणजे बाहेरच्या कातडीचीच आत वळलेली घडी. तीच कातडी, त्याच तेलाच्या ग्रंथी. अंगाच्या कातडीला जो रोग होतो तो या घडीलाही होतो, आणि जागा बंदिस्त असल्यामुळे तिथे तो आधी आणि जास्त जाणवतो. अ‍ॅलर्जी, ज्याला आपण वावडे म्हणतो, ती कुत्र्यात माणसासारखी शिंकांनी फारशी दिसत नाही. ती कातडीच्या खाजेने दिसते. पंजे, काखा, जांघा, तोंडाभोवतीचा भाग आणि कान या तिच्या आवडत्या जागा. काही कुत्र्यांत तर कान एवढीच तक्रार असते. वावड्याने कातडी सुजली की मळ जास्त सुटतो, ओल वाढते, आणि एरवी कोपऱ्यात गुपचूप राहणारे बुरशी-जिवाणू फोफावतात. ते बाहेरून आलेले चोर नव्हेत, घरातलेच भाडेकरू. त्यांना हाकलले तरी घर गळके असेतो ते परत येणार.

म्हणून वारंवार वाहणाऱ्या कानात दोन दुखणी असतात. एक वर दिसणारा संसर्ग, दुसरे त्याखालचे कारण. आपण पहिल्यावर औषध घालतो आणि दुसऱ्याचे नाव काढत नाही. दर महिन्याला सर्दी होणाऱ्या पोराला दर महिन्याला अँटिबायोटिक देण्यातलाच हा प्रकार.

प्रत्येक कानाचे मूळ वावड्यातच असते असे मात्र समजू नये. आपल्या जिल्ह्यात आश्विन-कार्तिकात गवत वाळते. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर हिंडून आलेला कुत्रा एकाएकी एकाच बाजूने डोके झाडू लागला, तर आधी कानात कुसळ गेले आहे असे समजावे. कुसळाला उलटे काटे असतात, ते पुढेच सरकते, आपोआप बाहेर येत नाही. ते त्याच दिवशी काढून घ्यावे. पिल्लाच्या कानात कॉफीच्या भुकटीसारखा कोरडा काळा मळ आणि बेसुमार खाज असेल तर कानातले सूक्ष्म किडे असण्याचा संभव असतो. घरातल्या मांजरालाही ते असतात आणि एकाकडून दुसऱ्याला होतात. उतारवयात पहिल्यांदाच कान बिघडू लागला तर थायरॉइडची कमतरता किंवा नळीतली गाठ यांचा विचार करावा लागतो. परंतु सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू झालेला, दोन्ही कानांचा, पुन्हा पुन्हा उलटणारा, पंजे चाटण्याबरोबरचा त्रास हा बहुधा वावड्याचाच.

वावडे कशाचे, हे शोधणे चिकाटीचे काम आहे. पिसवांच्या लाळेचे असू शकते. त्यामुळे पिसवा-गोचिडांचा बंदोबस्त बारा महिने ठेवावा. तपासाची सुरुवात तिथूनच होते. मग अन्न. आपल्याकडचा कुत्रा दूध-पोळी, कोंबडीचे पाय आणि ग्लुकोजची बिस्किटे यांवर वाढतो. कुत्र्यांना ज्या पदार्थांचे वावडे वारंवार आढळते त्यांत गोमांस, दुधाचे पदार्थ, कोंबडी आणि गहू ही नावे वरची आहेत. म्हणजे आपण प्रेमाने देतो त्यातलेच बरेचसे. रक्त तपासून अन्नाचे वावडे कळते असे सांगणारे भेटतात; त्या तपासण्यांवर भरवसा ठेवता येत नाही. खरी तपासणी स्वयंपाकघरात होते. कुत्र्याने जन्मात खाल्ले नसेल असे एक मांसान्न आणि एक पिष्टान्न, उदाहरणार्थ मासा आणि रताळे, आठ आठवडे फक्त तेच द्यायचे. मीठ-मसाला नाही. कांदा-लसूण तर कुत्र्याला विषारीच. काटे काढून, नुसते उकडून. यासाठी बाजारात खास तयार केलेला आहारही मिळतो, पण महाग असतो. लहान पिल्लाला किंवा आजारी कुत्र्याला हा प्रयोग मनाने करू नये, आणि घरचा असा अपुरा आहार महिनोन् महिने चालू ठेवू नये.

या आठ आठवड्यांत बिस्किटाचा एक तुकडासुद्धा चालत नाही. प्रयोग फसतो तो इथेच. आजोबा चहाबरोबर अर्धे बिस्किट खाली टाकतात, शेजारच्या काकू दुधाची साय देतात, आणि दोन महिन्यांनी मालक म्हणतो, आहार बदलूनही गुण नाही. खाज कमी झाली तरी काम अर्धेच झाले. जुने अन्न पुन्हा देऊन पाहावे लागते. त्यावर खाज परत आली तरच अन्नाचे वावडे सिद्ध होते. सहसा काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत ते कळते.

आहाराने फरक पडला नाही, पिसवाही नाहीत, तर उरते ते हवेतले वावडे, आणि त्यात घरच्या धुळीतले सूक्ष्म किडे पहिले. दमेकऱ्यांना ज्यांचा त्रास होतो तेच. बंड्याचे निदान अखेर हे झाले. हे बरे होत नाही, आटोक्यात राहते. त्याचे अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवतो. पावसाळ्यात ऊन नसते तेव्हा आमच्या सौभाग्यवती त्याच्या चादरी इस्त्री करतात, त्यावरून माझी चेष्टाही होते. औषधांत स्टिरॉइडच्या गोळ्या स्वस्त आणि तत्काळ गुण देणाऱ्या, पण त्यांनी तहान, भूक आणि लघवी वाढते, आणि दीर्घकाळ दिल्या तर त्या शरीराकडून पुरती वसुली करतात. मनाने सुरू करू नयेत, मनाने एकदम बंदही करू नयेत. अमेरिकेत २०१३ साली ओक्लासिटिनिब हे खाजेवरचे औषध कुत्र्यांसाठी मान्य झाले, तेव्हापासून स्टिरॉइडवाचून चालवणे पुष्कळ सोपे झाले आहे. ज्याचे वावडे त्याच्याच वाढत्या मात्रेची इंजेक्शने देऊन शरीराला सवय लावण्याचाही उपाय आहे. त्याला गुण यायला कित्येक महिने लागतात. माणसांच्या सेटिरिझिनने मात्र कुत्र्याची खाज फारशी हटत नाही. आणि सर्दीची मिश्र गोळी त्याला चुकूनही देऊ नये. तिच्यातले नाक मोकळे करणारे औषध कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. दुखते म्हणून आयब्युप्रोफेनही देऊ नये. त्याने पोटात जखमा होतात, मूत्रपिंडे निकामी होतात.

कान साफ करण्याविषयी. आपल्याकडे कान म्हटले की कोमट तेल, असे समीकरण आहे. लसूण घालून कडवलेले तेल तर घराघरांत. वाहत्या कानात तेल घालणे माणसालाही वाईटच. कुत्र्याच्या कानात तर मॅलॅसेझिया तेलावरच पोसते. तेल नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, आणि माचिसच्या काडीला कापूस गुंडाळून खोल खुपसणे तर नकोच. त्याने मळ वळणापलीकडे ठासला जातो. पडदा शाबूत आहे हे डॉक्टरांनी पाहिल्यावर ते सांगतील ते कान धुण्याचे द्रावण हाताच्या उबेने कोमट करून नळी भरेल इतके घालावे. मग कानाच्या मुळाशी, जबड्याच्या मागे, अर्धा मिनिट चोळावे. आत पचपच आवाज आला म्हणजे बरोबर चोळले. नंतर बाजूला सरकावे, कारण तो डोके झाडणारच, आणि तुमच्या अंगावर शिंतोडे उडणारच. दिसेल तेवढाच मळ कापसाच्या बोळ्याने पुसावा. उत्साहाच्या भरात रोज रोज कान धुणेही घातक. कातडी भिजून नरम पडते आणि आणखी बिघडते. पोहून किंवा न्हाऊन आल्यावर कान बाहेरून कोरडा करायला विसरू नये.

औषधाचे थेंब थोडे घालणे ही दुसरी चूक. माणसाला चार थेंब पुरतात म्हणून कुत्र्यालाही चार घालतात. ते वरच्या नळीतच जिरतात, वळणापर्यंत पोचत नाहीत. तिसरी चूक, वास गेला की औषध थांबवणे. कान बरा झाला की नाही हे नाकाने ठरत नाही. पुन्हा एकदा मळ काचपट्टीवर घेऊन पाहावा लागतो. या तपासणीला पाच-दहा मिनिटे लागतात, आणि सूक्ष्मदर्शक असलेला कोणताही पशुवैद्यक ती करू शकतो. गुंतागुंतीच्या कानासाठी आपल्याच जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

दुर्लक्ष झाले तर काय होते, तेही सांगतो. झाडून झाडून कानाच्या पाळीत रक्त साचते आणि ती उशीसारखी फुगते. नळीची कातडी जाड होत जाते, आतला मार्ग अरुंद होतो, शेवटी कूर्चा हाडासारखी कडक होते. त्या टप्प्यावर थेंब आत जातच नाहीत आणि संपूर्ण नळी शस्त्रक्रियेने काढून टाकणे एवढाच मार्ग उरतो. आणि या सगळ्या काळात कुत्रा दुखणे सोसत असतो. बोलत नाही. कधी जेवताना एका बाजूने चावतो, कधी डोक्यावर हात फिरवू देत नाही, आणि एखाद्या दिवशी घरातल्या लेकराने खेळता खेळता नेमका तोच कान धरला, की दात लावतो. शांत कुत्रा अचानक चिडका झाला तर आधी त्याचे कान आणि दात तपासून घ्यावेत. अर्थात वागणे एकाएकी बदलणे हे रेबीजचेही लक्षण असते. म्हणून अशा कुत्र्याच्या तोंडाशी जाण्याचे धाडस घरच्यांनी करू नये, ते डॉक्टरांवर सोपवावे.

शिक्षकांच्या मुलीचे पाचही डोस श्रावणात पूर्ण झाले. कुत्रा दहा दिवसांनंतरही ठणठणीत होता. त्याच्या कानात बुरशी निघाली, पडदा सुदैवाने शाबूत होता. तीन आठवडे योग्य औषध झाले आणि मग बांगडा-रताळ्याचा प्रयोग सुरू झाला. आजोबांच्या बिस्किटांचा डबा या काळात कपाटात कुलूपबंद होता, असे कळले. सहाव्या आठवड्यापासून त्याचे पंजे चाटणे थांबले. आठ आठवडे झाल्यावर पशुवैद्यकांच्या सांगण्यावरून कोंबडी दिली, आणि चौथ्या दिवशी तो पुन्हा कान खाजवू लागला. आता त्या घरात कुत्र्याला कोंबडी बंद आहे आणि घाटापलीकडे सोडण्याचा विषय कुणी काढत नाही. परवा बाप-लेक दवाखान्यात आले होते. मनगटावरचे दोन व्रण फिकट झाले आहेत. मुलगी त्याच्याशी पुन्हा खेळते; कानाला मात्र हात लावत नाही, आणि मीही तिला लाव असे सांगितले नाही.